गोचीड तापाच्या नावातला डॉक्टर



पाऊस पडून गेला, वर ऊन आणि दमटपणा सुरू झाला की ज्या घरात संकरित गाय आहे तिथं एक शब्द हमखास कानावर पडतो. गाईनं वैरण सोडलेली असते, दूध निम्म्यावर आलेलं असतं, अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकी ती तापलेली असते. डॉक्टर येतात, ताप मोजतात, खांद्याच्या पुढची गाठ चाचपून बघतात, कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि म्हणतात, "थायलेरिया दिसतोय." आपण त्याला गोचीड ताप म्हणतो. पण हा थायलेरिया शब्द आला कुठून? एका गटात आम्ही विचारलं तर एकजण म्हणाली, औषधाचं नाव असेल. दुसरी म्हणाली, ज्या देशातून रोग आला त्या देशाचं असेल. खरं सांगायचं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. अर्नोल्ड थायलर. जनावरांचे डॉक्टर होते ते, आणि त्यांची सगळी कर्तबगारी आपल्यापासून फार लांब, दक्षिण आफ्रिकेत घडली.

आज त्यांच्याबद्दल बोलायचं ठरवलं त्याला आणखी एक कारण आहे. गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा एक तक्रार जवळपास सगळीकडे ऐकायला मिळते. डॉक्टरांना आपल्या गावची जनावरं कळायला लागली, कोणाच्या गोठ्यात काय अडचण आहे ते पाठ झालं, की त्यांची बदली होते. नाहीतर तेच दुसरी नोकरी धरतात. मग नवीन डॉक्टर आले की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. ही तक्रार खोटी नाही. पण जागा बदलताना डॉक्टरच्या हाताला आणि डोक्याला काय होतं, हे आपण फारसं बघत नाही. थायलर यांची गोष्ट त्यासाठी उपयोगाची आहे. त्यांनी एका आयुष्यात इतकी कामं बदलली की मोजताना आमचीच बोटं अडखळली.

त्यांचा जन्म १८६७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या फ्रिक या गावचा. वडील शाळामास्तर. १८८९ मध्ये ते पशुवैद्य झाले, थोडे दिवस तिथंच काम केलं आणि १८९१ मध्ये जहाजानं आफ्रिका गाठली. प्रिटोरिया हे तेव्हा ट्रान्सवाल नावाच्या राज्याचं राजधानीचं गाव. डच वंशाच्या शेतकऱ्यांचं, म्हणजे बोअर लोकांचं ते राज्य. जवळच सोन्याच्या खाणी निघालेल्या, त्यामुळे माणसांची आणि जनावरांची गर्दी. इथं आपला दवाखाना चालेल असं या तरुण डॉक्टरला वाटलं असणार. चालला नाही. गिऱ्हाईकच मिळेना. पोट भरायचं म्हणून त्यांनी जवळच्या आयरीन नावाच्या मोठ्या शेतावर नोकरी धरली, आणि तिथं वैरण कापायच्या यंत्रात त्यांचा एक हात गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर कडबाकुट्टी. म्हणून इथं जरा थांबतो. कुट्टी चालवताना पदर खोचलेला हवा, ओढणी काढून ठेवलेली हवी, सैल बाह्या आणि लोंबणारा स्वेटर नको. पेंढी अडकली तर हातानं रेटायची नाही, आधी यंत्र बंद करायचं. आणि मोटरचं बटण आपल्या हाताला लागेल इतकं जवळ हवं. भिंतीच्या पलीकडे बटण आणि अलीकडे यंत्र अशी मांडणी आम्ही किती गोठ्यांत बघितली आहे. ती आजच बदलून घ्या.

तर चोवीस-पंचवीस वर्षांचा, परमुलखात आलेला, हाताशी पैसा नसलेला, एक हात गमावलेला डॉक्टर. गाईच्या पोटात हात घालून वासरू फिरवायचं, घोडा धरायचा, ही कामं एका हातानं कशी करायची? गोठ्यातली डॉक्टरकी त्यांना पहिल्यासारखी जमणार नव्हती. १८९३ मध्ये खाणींच्या भागात देवीची साथ आली. त्या काळी देवीची लस वासरांच्या कातडीवर तयार करत. वासराला खरवडून लस लावायची, फोड आले की त्यातला द्रव काढायचा, तो माणसांना टोचायचा. वासरं सांभाळणं, स्वच्छता राखणं, द्रव खराब न होऊ देणं हे सगळं जनावरांच्या डॉक्टरला येतं. थायलर यांनी हे काम अंगावर घेतलं आणि लस तयार करून दिली. इथून त्यांची ओळख झाली. आजारी जनावर बरं करणाऱ्या माणसाला आता आजार होऊच नये म्हणून काय करायचं याची सवय लागली. पुढची सगळी कामं त्या सवयीवर उभी आहेत असं आम्हाला वाटतं.

१८९६ मध्ये उत्तरेकडून बुळकांडी उतरली. हा शब्द आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिला आहे. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, रक्ताळलेली हगवण आणि आठवड्याभरात जनावर आडवं. बहुतेक कळपांत दहातली आठ-नऊ जनावरं जात होती. तिकडे बैल म्हणजे नांगर आणि गाडीही. बैल मेले की पेरणी थांबली, धान्य यायचं थांबलं, माणसं उपाशी. त्याच वर्षी ट्रान्सवाल सरकारनं थायलर यांना सरकारी पशुवैद्य नेमलं. आता त्यांच्यासमोर एक गाय नव्हती, एका राज्यातली सगळी गुरं होती. शेजारच्या नाताळ वसाहतीतले पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफर्ड यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले. बुळकांडीतून वाचलेल्या जनावराचं रक्त काढायचं, ते थिजू द्यायचं, वरचं पिवळसर पाणी म्हणजे सिरम वेगळं करायचं आणि ते टोचून निरोगी जनावरांना वाचवायचं, असा तो मार्ग. त्याच वेळी किम्बर्लीला जर्मनीचे प्रसिद्ध डॉक्टर रॉबर्ट कॉख वेगळ्या रीतीनं तेच करू बघत होते. हेच कॉख १८९७ मध्ये तिथून थेट मुंबईला आले, कारण इकडे प्लेग पेटला होता. त्याच सालात त्यांनी हिमालयातल्या मुक्तेश्वरची प्रयोगशाळाही बघितली. ही प्रयोगशाळा मूळ आपल्या पुण्याची. जनावरांच्या रोगांचा शोध घेण्यासाठी १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली गेली. बुळकांडी आता जगातूनच गेली आहे. २०११ मध्ये तसं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर समूळ घालवलेला हा दुसराच रोग.

मग युद्ध आलं. १८९९ ते १९०२ बोअर आणि इंग्रज लढले. थायलर बोअरांच्या तोफखान्याचे पशुवैद्य होते. प्रिटोरिया इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि नव्या सरकारनं त्यांना कामावर ठेवून घेतलं. कालपर्यंत ज्यांच्याविरुद्ध उभे होते त्यांचाच पगार. कोणी याला संधिसाधूपणा म्हणेल. आम्ही त्या भानगडीत पडत नाही. घोडे आणि खेचरं तिकडच्या एका भयंकर रोगानं मरत होती, त्यावर त्यांनी याच काळात पुष्कळ काम केलं. आपल्याला रस आहे तो पुढच्या भागात, कारण तिथं गोचीड येते.

बुळकांडीनं आणि युद्धानं गोठे रिकामे केले होते. शेतकऱ्यांना जनावरं हवी होती. मग पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून गुरं विकत आणली गेली. दिसायला धडधाकट. पण ती आली आणि १९०१-०२ पासून स्थानिक गाई पटापट मरायला लागल्या. ताप, सुजलेल्या गाठी, शेवटी धाप आणि नाकातोंडातून फेस. म्हणजे रोग बाजारातून पैसे मोजून घरी आणला गेला होता. आपण आठवडी बाजारातून शेळी आणतो आणि त्याच संध्याकाळी घरच्या शेळ्यांत सोडतो, तेव्हा हेच करत असतो. नवीन जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधा. त्याची पाण्याची बादलीही वेगळी ठेवा.

हा नवा रोग काय आहे, यावरून मोठी माणसं गोंधळली. लालमूत नावाचा गोचीडीचा एक रोग आधीपासून माहीत होता. लाल लघवी होणारा, आपल्याकडेही आहे तो. नवा रोग त्याचाच जहाल प्रकार असेल असं अनेकांना वाटलं. कॉख यांना पुन्हा बोलावलं. त्यांनी बऱ्या झालेल्या जनावराचं रक्त पुन्हा पुन्हा टोचण्याचा उपाय सुचवला. तो चालला नाही.

थायलर यांनी साधी गोष्ट तपासली. आजारी गाईचं रक्त काढून निरोगी गाईला टोचलं. लालमूत असता तर त्या गाईला रोग झाला असता. या रोगात तो सहसा होत नव्हता. पण आजारी गाईवरची गोचीड निरोगी गाईला चावली की ती गाय मरत होती. म्हणजे दोन्ही रोग वेगळे. १९०४ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या बारीक जंतूंचं वर्णन वेगळा जंतू म्हणून केलं. कानात घोळक्यानं बसणारी तपकिरी गोचीड हा रोग पसरवते, हेही त्यांनी आणि दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. १९०७ मध्ये तीन पोर्तुगीज शास्त्रज्ञांनी या जंतूंच्या कुळाला थायलर यांचं नाव दिलं, थायलेरिया. आपल्या गाईंना होणारा रोग त्या आफ्रिकेतल्या रोगाचा चुलतभाऊ. जंतू त्याच कुळातला, पण जात वेगळी, आणि पसरवणारी गोचीडही वेगळी.

बुळकांडीत कळप बघायची सवय लागली नसती, देवीच्या लसीच्या वेळी एक थेंब इकडचा तिकडे जाऊ न देण्याची शिस्त अंगी बाणली नसती, तर हा प्रयोग त्यांना सुचला असता का? आम्हाला तरी वाटत नाही. मागच्या प्रत्येक कामातलं काही ना काही इथं वापरात आलं.

आता गोचीड हे काम कसं करते ते नीट समजून घेऊ, कारण गोठ्यातला उपाय त्यावरच ठरतो. लहान वयात गोचीड आजारी गाईचं रक्त पिते आणि पोट भरलं की खाली पडते. गोठ्यातल्या भेगांत, दगडांच्या सांदीत, दावणीखाली जाऊन बसते आणि कात टाकते. मोठी होऊन पुन्हा बाहेर येते ती दुसऱ्या गाईवर चढायला. जंतू तिच्या अंगात तोवर टिकून असतात. गाईला चिकटल्याबरोबर ती रोग देते असं नाही. तिच्या लाळेत जंतू तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस जातात. आफ्रिकेत हे कळल्यावर वॉटकिन्स-पिचफर्ड यांनी, बुळकांडीच्या वेळचे ते सोबतीच, दर तीन किंवा पाच दिवसांनी गुरं औषधाच्या हौदातून पोहवून काढायची पद्धत बसवली. गोचीड चिकटली तरी तिचं काम व्हायच्या आत ती मरावी, असा त्यातला हिशेब.

आपल्याकडे हौद नाहीत, पण हिशेब तोच लागू पडतो. रोज धार काढताना गाईच्या कानात, मानेच्या पोळीखाली, कासेच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. गोचीड दिसली की चिमट्यानं किंवा हातमोजा घालून ओढा आणि रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. बोटांत चिरडू नका, दगडावर ठेवून फोडू नका. २०११ मध्ये गुजरातेत माणसांना होणारा एक रक्तस्रावी ताप सापडला. त्याचे विषाणू याच जातकुळीच्या गोचीडींत असतात आणि फुटलेल्या गोचीडीच्या रक्तातून माणसाला लागू शकतात. लहान मुलांना तर गोचीड वेचायला मुळीच बसवू नका.

गाईवर दिसतात त्या गोचीडी थोड्या, बाकीच्या गोठ्यात लपलेल्या असतात. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती गाईवर घालत नाही, भिंतीत घालते. म्हणून गाईला औषध लावून भिंत तशीच सोडली तर पैसे वाया. भेगा मातीनं किंवा सिमेंटनं बुजवा, भिंतीला चुना मारा, कोपऱ्यातला जुना पालापाचोळा काढून जाळा. कोंबड्या गोठ्यात मोकळ्या फिरू दिल्या तर त्याही गोचीडी टिपतात. औषध डॉक्टर सांगतील तेच आणि सांगतील तितकंच पाणी घालून वापरा. पिकावर फवारायचं औषध गाईला चोळणाऱ्या मैत्रिणी आम्हाला भेटल्या आहेत. त्यात गाईला विषबाधा होते, चोळणारीलाही होते. गोचीडीचं इंजेक्शन दिलं असेल तर दूध किती दिवस विकायचं नाही तेही डॉक्टरांना विचारा.

ताप ओळखायचा कसा? गाईचा नेहमीचा ताप १०१-१०२ फॅरनहाइट. गोचीड तापात तो १०४ ते १०६ वर जातो आणि साध्या तापाच्या गोळीनं उतरत नाही. खांद्याच्या पुढची किंवा कानाखालची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होते. पुढे डोळ्याची आतली कड पांढरी पडते, धाप लागते. यावरचं खास इंजेक्शन महाग आहे, पण पहिल्या एक-दोन दिवसांत मिळालं तर गाय बहुधा वाचते. उशीर झाला तर तेच महाग इंजेक्शन वाया जातं. होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या गाईंना हा रोग जोरात होतो, खिलार, देवणीसारख्या देशी गाई पुष्कळदा निभावून नेतात. वासरांकडे जास्त लक्ष ठेवा. यावर लसही आहे. आपल्या भागात ती देणं योग्य आहे का, ते दवाखान्यात विचारा.

थायलर यांच्याकडे परत जाऊ. १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्ट इथं मोठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि ते तिचे प्रमुख झाले. १९१० मध्ये त्यांनी आणखी एक गोचीडजन्य जंतू ओळखला, ॲनाप्लाझ्मा. रक्ताच्या तपासणी अहवालात हा शब्दही तुमच्या वाचनात आला असेल. एखादा माणूस इथं थांबला असता. मोठी खुर्ची, सरकारचा मान, हाताखाली माणसं. पण १९१९ मध्ये ते पुन्हा एका ओसाड माळावर कामाला गेले. जागेचं नाव आर्मुडस्व्लाक्टे, अर्थ दारिद्र्याचा माळ.

तिथं गाई लुळ्या पडून मरत होत्या. आधी थायलर यांना विषारी वनस्पतीचा संशय होता. माळावर राहून, गाईंच्या मागे फिरून बघितल्यावर खरं कारण सापडलं. त्या मातीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गाईच्या अंगात कमी. ती कमतरता भरून काढायला गाई मेलेल्या जनावरांची हाडं चघळत होत्या. त्या सडक्या हाडांवर मांसाच्या उरलेल्या तुकड्यात एक जंतू विष तयार करतो, आणि त्या विषानं गाय लुळी पडते. म्हणजे रोग विषाचा, पण मूळ मातीच्या गरिबीत. हाडांची भुकटी खायला दिली, गाई हाडं चघळायच्या थांबल्या, मरायच्या थांबल्या, वर अंगानंही भरल्या. त्याआधी पस्तीसेक वर्षं केप वसाहतीतले पशुवैद्य हचिऑन यांनी असंच काही सुचवलं होतं, हेही सांगायला हवं.

आपल्याकडची गाय माती चाटते, भिंत चाटते, दोरी आणि कापड चघळते, हाडूक सापडलं तर तोंडात धरून तासभर उभी राहते. घरात म्हणतात, हिला वाईट सवय लागली. ती सवय नाही, बहुतेक वेळा खनिजांची भूक असते, कधी पोटात जंत असतात. आता हाडांची भुकटी देऊ नका. बाजारात गाई-म्हशींसाठी तयार खनिज मिश्रण मिळतं. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला साधारण ५० ग्रॅम खुराकात मिसळून देतात, नेमकं प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या. आणि मेलेलं जनावर ओढ्याकाठी टाकू नका. खोल पुरा, वर चुना टाका.

१९२० मध्ये ऑन्डरस्टेपूर्टला पशुवैद्यकाचं शिक्षण सुरू झालं आणि थायलर तिथले पहिले प्रमुख झाले. तोवर तिकडच्या मुलांना हे शिकायला युरोपात जावं लागे. गिऱ्हाईक न मिळालेला डॉक्टर आता डॉक्टर घडवत होता. मात्र ही दारं फक्त गोऱ्यांसाठी उघडी होती. बुळकांडीत ज्यांचे कळप संपले त्या आफ्रिकन लोकांच्या मुलांना तिथं जागा नव्हती. आणि त्या औषधाच्या हौदांची पुढची गोष्ट तर आपण बायकांनी ऐकायलाच हवी. नाताळमध्ये सरकारनं हौद भरायचं आणि सांभाळायचं काम गावोगावच्या आफ्रिकन बायकांवर टाकलं, तेही फुकट. डोक्यावरून पाणी वाहून त्यांनी हौद भरायचे. १९५९ मध्ये त्या बायका उठल्या आणि त्यांनी कितीतरी हौद फोडून टाकले. हौदाचं शास्त्र बरोबर होतं. पाणी कोण वाहणार हे बायकांना न विचारता ठरवलं गेलं, ते चुकीचं होतं.

थायलर यांच्या घरातलंही एक सांगतो. त्यांचा मुलगा मॅक्स याला पीतज्वराच्या कामासाठी १९५१ चं नोबेल मिळालं, त्याचं नाव सगळे घेतात. मुलगी गेर्ट्रूड मात्र फारशी कोणाला माहीत नाही. ती प्राणिशास्त्र शिकली, बरीच वर्षं शिकवत होती, आणि मग वडिलांच्याच ऑन्डरस्टेपूर्टला येऊन तिनं गोचीडींचा अभ्यास हाती घेतला. आफ्रिकेत कुठल्या भागात कुठली गोचीड सापडते, हे तिनं वर्षानुवर्षं गोळा करून मांडलं. तिथला गोचीडींचा मोठा संग्रह आज तिच्या नावानं आहे.

आता आपल्या डॉक्टरांकडे येऊ. बारावीनंतर साडेपाच वर्षांचं शिक्षण. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं ही महाविद्यालयं आहेत. मुंबईचं १८८६ पासूनचं. बाहेर पडल्यावर कोणी सरकारी दवाखान्यात जातं, कोणी दूध संघात, कोणी औषध कंपनीत, कोणी औंधच्या लस तयार करणाऱ्या सरकारी संस्थेत किंवा रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. प्रत्येक ठिकाणी शिकायचं वेगळं. दवाखान्यात अडलेलं वासरू सोडवायला हात तयार होतो. दूध संघात शंभर गोठ्यांचे आकडे एकत्र बघायची नजर येते, कासदाह एका गाईला नाही तर सगळ्या गल्लीत का होतोय हे सुचायला लागतं. कोकणातून आलेल्या डॉक्टरांनी ओल्या गोठ्यांतले खुरांचे आजार पुष्कळ बघितलेले असतात, माणदेशातून आलेल्यांना मेंढ्या कळतात. औषध कंपनीतून परत आलेले डॉक्टर औषधाची बाटली कशी साठवायची यावर रागावतात, आणि बरोबर रागावतात.

म्हणून नवीन डॉक्टर गावात आले की गटानं त्यांना एकदा बैठकीला बोलवावं, चहा द्यावा आणि विचारावं, "साहेब," किंवा "मॅडम, याआधी तुम्ही कुठं होता? तिथं कुठले आजार जास्त होते?" या एका प्रश्नातून कळेल की त्यांच्याकडून आपल्याला नवीन काय मिळणार आहे. आम्ही तीन गटांत हे करून बघितलं. एका ठिकाणी मॅडम पूर्वी प्रयोगशाळेत होत्या हे कळलं, आणि तेव्हापासून त्या गटातल्या बाया रक्ताची काचपट्टी तपासून घेतल्याशिवाय महागडं इंजेक्शन घेत नाहीत.

जुने डॉक्टर जाताना आपल्या जनावरांची माहिती मात्र त्यांच्या डोक्यातच जाते. ती घरी राहावी म्हणून गोठ्याची एक वही करा. दर जनावराला एक पान. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्म किंवा विकत घेतल्याची तारीख, कधी भरवली, कधी व्याली. लाळखुरकूत, घटसर्प, फऱ्या यांची लस कोणत्या तारखेला टोचली. कोणता आजार झाला, काय औषध दिलं, गुण आला की नाही. गोचीड ताप येऊन गेला असेल तर ते लाल पेनानं लिहा. बाटलीवरचं नाव वाचता येत नसेल तर रिकामी बाटली वहीजवळ ठेवा, मुलीकडून लिहून घ्या. डॉक्टर आले की आधी वही त्यांच्या हातात द्या, मग गाय दाखवा. कोणी मिळालं नाही तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे, तो वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या पीपीआर रोगाबद्दल बोलू. हा रोग बुळकांडीच्या घरातलाच आहे. तोवर वहीचं पहिलं पान तयार ठेवा.